‘सरंजाम’ या शब्दाची हेगमधील साक्ष
(आंतरराष्ट्रीय कायद्याची संशोधनपत्रिका आणि आपण)



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण केले म्हणजे तो संतवाङ्मयावर, नाट्यपरंपरेवर, किंवा गोमंतकातील मराठीच्या वाटचालीवर बोलेल अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज आंतरराष्ट्रीय कायदा आणि राजकारण या विषयांना वाहिलेल्या संशोधनपत्रिकेविषयी बोलणार आहे. अशी पत्रिका म्हणजे नेमके काय, तिच्यात लेख कोणत्या कसोटीवर स्वीकारला जातो, जगाच्या न्यायव्यवहारात तिला एवढे वजन कशामुळे येते, आणि मराठी बोलणाऱ्या माणसाने तिची दखल का घ्यावी, अशा चार प्रश्नांची उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय माझ्या क्षेत्राबाहेरचा आहे असे वरवर पाहता वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या एका निकालात, अठराव्या शतकातील एका मराठी कागदातला ‘सरंजाम’ हा शब्द कोणत्या अर्थाने घ्यावा, हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. पंधरा न्यायाधीशांपुढे तो आला. त्या वादाचा संबंध ज्या भूमीशी होता तिचे आणि गोव्याचे राजकीय भवितव्य एकाच राजवटीच्या हाती होते. शब्दाचा अर्थ ठरवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम. आणि तो अर्थ जगापुढे मान्य करून घेणे हे संशोधनपत्रिकेच्या शिस्तीचे काम. या दोहोंची गाठ येथे पडते, म्हणून हा विषय मी निवडला.

संशोधनपत्रिका म्हणजे काय

आपल्याला मासिके, साप्ताहिके, दिवाळी अंक परिचयाचे आहेत. तेथे संपादक हा सर्वाधिकारी असतो. लेख त्याला आवडला, वाचकांना रुचेल असे वाटले, की तो छापला जातो. संशोधनपत्रिकेची रीत निराळी आहे. तेथे लेख प्रथम संपादकाकडे येतो. तो प्राथमिक पाहणी करून त्याच विषयात आयुष्य घालवलेल्या दोन किंवा तीन अभ्यासकांकडे परीक्षणासाठी पाठवतो. पुष्कळ ठिकाणी लेखकाचे नाव काढून टाकलेले असते, आणि परीक्षक कोण हेही लेखकाला कळू दिले जात नाही. परीक्षक विचारतो ते प्रश्न साधे परंतु कठोर असतात. लेखकाने केलेले विधान कोणत्या कागदावर उभे आहे? तो कागद त्याने स्वतः पाहिला आहे, की दुसऱ्याच्या ग्रंथातून उचलला आहे? विरुद्ध बाजूचा पुरावा त्याने विचारात घेतला आहे काय? यापूर्वी या प्रश्नावर जे लिहिले गेले त्यात त्याने कोणती भर घातली? या प्रश्नांना पुरे न पडणारा लेख परत जातो, किंवा दुरुस्तीसाठी फिरवला जातो. या संपूर्ण प्रक्रियेला आपण तज्ज्ञपरीक्षण म्हणू.

आंतरराष्ट्रीय कायद्याला वाहिलेल्या नियतकालिकांची परंपरा १८६९ पासून सांगता येते. त्या वर्षी गुस्ताव रोलँ-झाकमँ, टोबियास आसर आणि जॉन वेस्टलेक या बेल्जियन, डच आणि इंग्रज विधिज्ञांनी मिळून बेल्जियममधील गेंट येथून फ्रेंच भाषेत अशी पत्रिका सुरू केली. पुढे चार वर्षांनी, १८७३ मध्ये, त्याच गावी आंतरराष्ट्रीय कायद्याची विद्वत्संस्था स्थापन झाली. म्हणजे पत्रिका आधी आणि संस्था मागाहून, असा क्रम आहे. अमेरिकेत १९०६ मध्ये या विषयाची सोसायटी निघाली आणि जानेवारी १९०७ पासून तिचे त्रैमासिक, ‘अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ’, प्रसिद्ध होऊ लागले. जेम्स ब्राउन स्कॉट हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. दीर्घ लेख, ताज्या निकालांवरील टिपणे, पुस्तकपरीक्षणे अशी त्याची सर्वसाधारण मांडणी आहे. दोन महायुद्धांतूनही ते चालू राहिले आणि आजही चालू आहे.

अमेरिकेत आणखी एक प्रथा आहे, ती आपल्याला नवलाची वाटेल. तेथील विधिमहाविद्यालयांची अनेक नियतकालिके विद्यार्थीच संपादित करतात. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९६८ पासून निघणारी, आंतरराष्ट्रीय कायदा आणि राजकारण हीच दोन नावे मिरवणारी पत्रिका अशीच विद्यार्थ्यांच्या हाती आहे. तळटिपेतील प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याचे कष्ट हे विद्यार्थी घेतात. विशीपंचविशीतील मुले विद्वानांच्या लेखातील चुका काढतात आणि विद्वान त्या दुरुस्त करतात, ही गोष्ट ज्या समाजात गुरूला प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाते त्या समाजाने लक्षात घेण्यासारखी आहे.

आपल्या देशात दिल्ली येथे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याची भारतीय सोसायटी स्थापन झाली आणि १९६० पासून तिचे ‘इंडियन जर्नल’ निघू लागले. त्याही आधी, १९५२ मध्ये, मद्रास विद्यापीठात चार्ल्स अलेक्झांड्रोविच या पोलिश वंशाच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे एक भारतीय वार्षिक सुरू झाले होते. या गृहस्थांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

विद्वानांच्या लेखनाला कायद्यात स्थान का

एखादा वैद्यकशास्त्रावरील लेख कितीही मोलाचा असला तरी तो रोगाचे स्वरूप बदलत नाही. ते समजावून देतो एवढेच. कायद्याच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या बाबतीत तर फारच वेगळी आहे. देशांतर्गत कायदा विधिमंडळ करते, तो राजपत्रात छापला जातो, आणि कलम कोणते यावर सहसा वाद नसतो. जगाला मात्र विधिमंडळ नाही. राष्ट्राराष्ट्रांमधील नियम कोठून शोधायचे हाच पहिला प्रश्न असतो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ३८ वे कलम त्याचे उत्तर देते. न्यायालयाने प्रथम राष्ट्रांमधील करार पाहावेत. मग कायदा म्हणून पाळली जाणारी रूढी पाहावी. मग सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली सर्वसाधारण तत्त्वे पाहावीत. आणि या नियमांचा निश्चय करण्याचे दुय्यम साधन म्हणून पूर्वीचे न्यायनिर्णय आणि निरनिराळ्या राष्ट्रांतील श्रेष्ठ विधिज्ञांचे लेखन पाहावे. ‘दुय्यम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विद्वान कायदा करीत नाही. परंतु रूढी आहे की नाही, असल्यास ती केव्हापासून आणि कोणामध्ये, हे शोधून पुराव्यानिशी मांडण्याचे काम तोच करतो.

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९०० सालच्या निकालात सापडते. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकन आरमाराने क्यूबाच्या किनाऱ्यावरील दोन मासेमारी नौका पकडल्या आणि त्या लुटीचा माल म्हणून विकल्या. किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांच्या होड्या युद्धातही पकडू नयेत, असा कोणताही लिखित करार त्या दोन देशांत नव्हता. न्यायालयाने शतकानुशतकांचा व्यवहार आणि अनेक देशांच्या विधिज्ञांचे लेखन तपासले, आणि अशी रूढी आहे असे ठरवून विक्रीचे पैसे नौकांच्या मालकांना देवविले. विद्वानांकडे आपण कायदा कसा असावा हे विचारायला जात नसून तो प्रत्यक्षात कसा आहे याचा विश्वसनीय पुरावा घ्यायला जातो, अशी भूमिका त्या निकालात मांडलेली आहे. कोळ्याची होडी वाचली ती ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या पानांमुळे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

हेगचे न्यायालय आपल्या निकालात लेखकांची नावे क्वचितच घेते. तथापि दोन्ही पक्षांचे वकील आपल्या निवेदनांत, आणि न्यायाधीश आपल्या स्वतंत्र मतपत्रांत, विद्वानांचे लेखन मोकळेपणाने उद्धृत करतात. म्हणून संशोधनपत्रिकेतील पानाला एक वेगळीच जबाबदारी येते. आज छापलेले वाक्य पन्नास वर्षांनी एखाद्या देशाच्या विरुद्ध किंवा बाजूने उभे केले जाऊ शकते.

दादरा-नगर हवेलीचा खटला

आता आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळू. दमण समुद्रकिनाऱ्यावर, आणि दादरा व नगर हवेली हे दोन तुकडे आत, भारतीय प्रदेशाने वेढलेले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकातील आणि महाराष्ट्रातील स्वयंसेवकांनी हे दोन्ही तुकडे पोर्तुगीज अमलातून मुक्त केले. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांसारखी मंडळी त्या मोहिमेत होती, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. भारत सरकारने दमणहून या प्रदेशांकडे जाण्याची पोर्तुगीजांची वाट बंद केली.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने हेगच्या न्यायालयाची सक्तीची अधिकारिता मान्य केली, आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध अर्जही दाखल केला. ही घाई लक्षात घेऊन भारताने प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांपैकी चार फेटाळल्या आणि दोन मुख्य सुनावणीसाठी राखून ठेवल्या. अखेरीस त्याही मान्य झाल्या नाहीत. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी भारताची बाजू मांडली. या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश होते न्यायमूर्ती महंमद करीम छागला.

पोर्तुगालचे म्हणणे असे : पेशव्यांशी १७ डिसेंबर १७७९ रोजी झालेल्या तहाच्या सतराव्या कलमाने, आणि त्याला अनुसरून १७८३ व १७८५ मध्ये दिलेल्या सनदांनी, हे प्रदेश आम्हाला सार्वभौम हक्काने मिळाले, आणि सार्वभौमत्व आहे त्या अर्थी तेथे जाण्यायेण्याचा हक्कही आहेच. भारताने प्रथम तहाच्या वैधतेलाच आक्षेप घेतला, आणि पुढे असे म्हटले की, तह खरा धरला तरी त्याने मिळाला तो केवळ बारा हजार रुपयांच्या वार्षिक वसुलाचा उपभोग. मुलुखावरची सत्ता पेशव्यांनी दिलीच नव्हती.

येथे आपला शब्द साक्षीला उभा राहतो. न्यायालयापुढे सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ ठेवलेले होते. न्यायालयाच्या भाषा दोन, फ्रेंच आणि इंग्रजी. त्यामुळे मूळ मराठी मजकूर भाषांतरातूनच न्यायाधीशांपर्यंत पोचणार होता. आजच्या मराठीत ‘सरंजाम’ म्हणजे साहित्य-सामग्री, लवाजमा. ‘सरंजामशाही’ म्हणजे जमीनदारांचे वर्चस्व असलेली समाजव्यवस्था. केवळ आजच्या अर्थावर विसंबून भाषांतर करणारा माणूस दोन्ही बाजूंना फसेल. मुळात फारसीतून आलेल्या या शब्दाला मराठी राज्यव्यवहारात ठरीव अर्थ होता. फौज बाळगण्यासाठी, किंवा एखाद्या सेवेच्या निर्वाहासाठी, सरकारने नेमून दिलेले गावांचे उत्पन्न म्हणजे सरंजाम. इनाम निराळे, वतन निराळे, सरंजाम निराळा. सरंजामदार वसूल घेई. मुलूख सरकारचा राही. ‘जागीर’ हा शब्दही याच अंगाने वापरला जाई.

न्यायालयाने काय केले ते पाहण्याजोगे आहे. मराठ्यांनी जेथे खरोखर मुलूख तोडून दिला होता त्या इतर तहांची भाषा या तहाच्या भाषेशी ताडून पाहण्यात आली. तशा तहांत ‘कायमचे’, ‘निरंतर सार्वभौमत्वासह’ अशा आशयाचे स्पष्ट शब्द आढळले. येथे ते आढळले नाहीत. सरंजाम किंवा जागीर दिल्याने सार्वभौमत्व गेले असे एकही उदाहरण आपल्यापुढे आलेले नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. म्हणून मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिला तो वसुलाचा हक्क, सत्ता नव्हे, हा भारताचा अर्थ न्यायालयाने स्वीकारला. पोथीच्या अनेक प्रती समोर ठेवून, कवीच्या इतर प्रयोगांशी तुलना करून एखाद्या ओवीतील शब्दाचा अर्थ ठरवण्याची जी पद्धत आपण पाठचिकित्सेत वापरतो, तीच ही पद्धत. हेगच्या न्यायपीठाने ती वापरली, याचा मराठीच्या अभ्यासकाला आनंद वाटला तर तो क्षम्य मानावा.

परंतु आनंद येथेच थांबवावा लागतो, कारण निकाल एवढ्यावर संपला नाही. न्यायालयाने पुढे असे म्हटले की, १८१८ नंतर इंग्रज त्या भागाचे सत्ताधीश झाले तेव्हा त्यांना पोर्तुगीज हे त्या गावांवर प्रत्यक्ष अंमल करताना आढळले. मराठ्यांचे वारस म्हणून इंग्रजांनी त्या गावांवर हक्क सांगितला नाही. पोर्तुगीजांची सत्ता त्यांनी व्यवहारात मान्य केली, आणि स्वतंत्र भारतानेही पुढे ती मूकपणे मान्य केली. म्हणून शब्दाने जे दिले नव्हते ते दीर्घ काळच्या मौनाने दिले. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपण व्यवहारात म्हणतो. आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याला किती गंभीर अर्थ आहे ते येथे दिसते.

सव्वाशे वर्षांच्या अखंड व्यवहारामुळे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरवले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी असा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा निसटत्या बहुमताने ठरले. आणि १९५४ मध्ये वाट बंद करताना भारताने आपल्या कोणत्याही बंधनाचा भंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. त्या वेळच्या तणावाच्या परिस्थितीत ये-जा नियंत्रित करण्याचा अधिकार भारताला होता, असे त्यामागचे कारण होते. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी हे प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाले.

एका खंडातील दोन लेख

या निकालानंतर वीस महिन्यांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. त्याला सात मते अनुकूल आणि चार प्रतिकूल पडली, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. राजकीय प्रश्न तेथे सुटला. विद्वानांचा वाद मात्र तेथून सुरू झाला.

अमेरिकन जर्नलचा छप्पन्नावा खंड १९६२ सालचा आहे. त्याच्या जुलैच्या अंकात क्विन्सी राइट या नामवंत विद्वानांचा गोव्याच्या घटनेवरील लेख आहे. वसाहतवाद हे चिरंतन आक्रमण आहे आणि म्हणून गोव्यातील कारवाई ही आक्रमण ठरत नाही, हा भारताचा युक्तिवाद त्यांनी तपासला आणि नाकारला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बळाच्या अशा वापराला जागा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. गोव्याच्या मुक्तीचा आनंद ज्यांनी अनुभवला त्यांना हा निष्कर्ष कडू वाटेल. परंतु तो लेख शिवराळ नाही, अडाणी नाही. पुराव्याने आणि तर्काने लिहिलेला आहे. त्याला उत्तर द्यायचे तर सभेतील घोषणांनी देता येत नाही, तशाच लेखाने द्यावे लागते.

आणि त्याच खंडात, तीन महिने आधीच्या अंकात, राम प्रकाश आनंद या तरुण भारतीय अभ्यासकाचा लेख आहे. त्याचा विषय आहे प्रचलित आंतरराष्ट्रीय विधिव्यवस्थेत नव्या आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांचे स्थान. हे नियम घडले तेव्हा आम्ही तेथे नव्हतो. त्यांतील काही तर आम्हाला परतंत्र ठेवण्यासाठीच उपयोगी पडले. आम्ही कायदाच नाकारतो असे नाही, परंतु तो घडवण्यात आणि बदलण्यात आमचा वाटा असला पाहिजे, असे त्या लेखाचे सूत्र थोडक्यात सांगता येईल. हेच आनंद पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात या विषयाचे ख्यातनाम प्राध्यापक झाले. त्यांनी सुरू केलेला विचार पुढच्या पिढ्यांनी वाढवला, आणि १९९० च्या दशकापासून तिसऱ्या जगाच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय कायद्याकडे पाहणारा एक संप्रदायच उभा राहिला.

एकाच खंडाच्या दोन अंकांत ही दोन मते शेजारी नांदतात. एकही लेख दुसऱ्याला दडपत नाही. वाचणारा दोन्ही वाचतो आणि पुराव्यावरून आपले मत बनवतो. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तेव्हा दोन राष्ट्रांतील वाद मिटला. लेख मात्र ग्रंथालयात राहिले आहेत, आणि आजचा विद्यार्थी ते संगणकावरही वाचू शकतो. संशोधनपत्रिकेचा खरा उपयोग मला येथे दिसतो. ती निकाल देत नाही. वाद सभ्यपणे आणि तपासता येईल अशा रीतीने जतन करते.

या व्यवस्थेच्या मर्यादा

तज्ज्ञपरीक्षण म्हणजे सत्याची हमी, असे मात्र कोणी समजू नये. परीक्षक हाही माणूस असतो. त्याच्या शिक्षणाचे, देशाचे, भाषेचे पूर्वग्रह त्याच्याबरोबर येतात. एकाच वर्तुळातील माणसे एकमेकांचे लेख तपासत राहिली तर वर्तुळाबाहेरचा प्रश्न त्यांना प्रश्न म्हणून दिसतच नाही. लेख छापून येण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षे लागतात. आणि सर्वांत मोठी अडचण भाषेची. जगातील प्रतिष्ठित पत्रिका मुख्यतः इंग्रजीत आणि काही फ्रेंचमध्ये निघतात. मराठीत कितीही उत्तम लिहिले तरी ते तेथील परीक्षकाला अस्तित्वातच नसते.

याची किंमत आपण मोजलेली आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर या थोर गोमंतकीय संशोधकाने पणजीच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचले आणि पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांवर पोर्तुगीजमध्ये आणि मराठीतही लिहिले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याच १९६७ साली अलेक्झांड्रोविच यांचा, पूर्वेकडील देशांतील राष्ट्रकायद्याच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपीय सत्तांनी आशियातील राजांशी बरोबरीच्या नात्याने तह केले. एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वानांनी या राजांना कायद्याच्या कक्षेबाहेर लोटले, असे त्यांनी दाखवून दिले. हा विचार मराठी कागदांना किती जवळचा आहे! पेशव्यांचा तह हा तह होता, ती कोणा मांडलिकाची विनवणी नव्हती, हेच तो सांगतो. इंग्रजी ग्रंथ जगभरच्या विधिज्ञांच्या चर्चेत आला. मराठी ग्रंथ मराठी वाचणाऱ्यांच्या कपाटात राहिला. गुणवत्तेची तुलना मी करीत नाही. पोचण्याच्या वाटेविषयी बोलतो आहे.

यावर उपाय म्हणून मराठीत लिहिणे सोडावे, असे मी सुचवणार नाही. तसे सुचवणे या व्यासपीठाला शोभणार नाही आणि ते खरेही नाही. ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ इंग्रजी कोशातून सिद्ध होत नाही. त्यासाठी राजवाड्यांनी खंडोखंडी छापलेली साधने लागतात, सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून प्रसिद्ध केलेले पंचेचाळीस खंड लागतात, आणि मोडी कागद वाचणारा डोळा लागतो. मराठीतील काम हा पाया आहे. उणीव आहे ती त्या पायावरून जगाच्या व्यासपीठापर्यंत जाणाऱ्या पायऱ्यांची. मूळ मोडी कागद, त्याचे देवनागरी लिप्यंतर, शब्दार्थाच्या टिपांसह इंग्रजी भाषांतर, आणि त्या कागदाची प्रत कोठे पाहायला मिळेल याची नोंद, अशा चार गोष्टी एकत्र असतील तर हेगचा न्यायाधीश, न्यूयॉर्कचा विद्यार्थी-संपादक आणि लिस्बनचा इतिहासकार या तिघांनाही आपले म्हणणे तपासता येईल. तपासता येणार नाही असे म्हणणे कितीही खरे असले तरी तेथे चालत नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

या शाळेतून बाहेर पडलेल्यांत वकील आहेत, इतिहासाचे शिक्षक आहेत, परदेशी विद्यापीठांत शिकणारी मुले आहेत. त्यांना माझे सांगणे मोजके आहे. ज्याला कायद्यात रस आहे त्याने थोडी मोडी शिकावी. सरावाने ती काही महिन्यांत वाचता येऊ लागते. ज्याच्या घरी पोर्तुगीज जाणणारे वडीलधारे अजून आहेत त्याने ती भाषा त्यांच्यापाशी बसून उचलावी. ही सोय फार काळ राहणारी नाही. घरच्या पेटीत जुने कागद असतील तर ते वाळवीच्या स्वाधीन करण्याऐवजी पुराभिलेखागारात दाखवावेत. आणि जे लिहाल त्यातील प्रत्येक विधानाखाली त्याचा आधार लिहिण्याची सवय ठेवावी, मग ते लेखन शाळेच्या वार्षिकासाठी का असेना.

सीमांचे, नद्यांच्या पाण्याचे, समुद्रातील हद्दींचे वाद पुढेही होत राहतील. त्या वादांत जुन्या कागदांतील शब्द पुन्हा साक्षीला बोलावले जातील. १९६० च्या निकालातून दोन धडे मिळतात. शब्दाचा अर्थ पुराव्याने सांगितला तर परका न्यायाधीशही तो मानतो, हा पहिला. आणि बोलायचे तेव्हा गप्प बसले तर तेच मौन पुढे आपल्याविरुद्ध वाचले जाते, हा दुसरा. आपल्या पूर्वजांचे कागद काय सांगतात हे जगाला कोणी तरी सांगणारच आहे. ते काम ज्यांना ती भाषा मुळातून कळते त्यांनी आपल्याकडे घ्यावे, एवढीच माझी इच्छा आहे.